बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही

डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "सर, हा तुमचा आवाज."

पडद्यावर दोन पांढरट पट्ट्या दिसत होत्या. त्या उघडत होत्या, मिटत होत्या. डाव्या पट्टीच्या कडेला डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल फुगा होता. त्यामुळे पट्ट्या पूर्ण मिटत नव्हत्या, मधे फट राहत होती.

"याला व्होकल कॉर्ड पॉलिप म्हणतात. व्होकल कॉर्ड म्हणजे स्वरतंतू. जोर लावून बोलत राहिलं की तिथली बारीक रक्तवाहिनी फुटते, रक्त साकळतं आणि असा फुगा येतो. हा काढता येईल. मला काळजी याची आहे." त्यांनी पेनाचं टोक फुग्याच्या मागच्या एका पांढऱ्या डागावर टेकवलं. "याचा तुकडा तपासायला पाठवू. तंबाखू खाता?"

"खातो."

"किती वर्षं?"

"अकरा."

माझी बायको सुनीता शेजारीच बसली होती. तिला चार वर्षंच माहीत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

डॉक्टर पुढे म्हणाले, "ऑपरेशननंतर दहा दिवस बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही, कुजबुजताना स्वरतंतूंवर ताण येतो. नंतर हळूहळू सुरू करू. पण तीन महिने शिकवणं बंद."

मी हसलो. हसलो म्हणजे घशातून हवा बाहेर आली. "साहेब, पुढच्या महिन्यात पोरांची परीक्षा आहे. जूनला नवी बॅच."

"मग ठरवा," ते म्हणाले, "सीझन पाहिजे का आवाज पाहिजे."

हे नांदेडच्या एका दवाखान्यात झालं. मी हे लिहितोय ते माझ्यासारख्यांसाठी, ज्यांची भाकरी गळ्यावर चालते. मास्तर, कंडक्टर, भाजी विकणारे, कीर्तनकार. आवाज बसला तर आपण खडीसाखर चघळतो आणि कामाला लागतो. मीही तेच केलं होतं.

मी लातूरला एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो. भूकंपानंतरच्या वर्षांत लातूरचं नाव निकालांसाठी होत गेलं, गल्लोगल्ली क्लास निघाले, आणि माझ्यासारखे आजूबाजूच्या जिल्ह्यांतले मास्तर तिथे येऊन स्थिरावले. पहिली बॅच पहाटे साडेपाचला. दिवसाला चार तास, कधी पाच. हॉलमध्ये दीडशेच्या वर पोरं, डोक्यावर खडखडणारे पंखे. माईक होता, पण मी तो कधी हातात घेतला नाही. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत असाच जातो, हा माझा तोरा होता.

दिवाळीनंतर आवाज जड झाला. थंडी असेल म्हणून सोडून दिलं. संक्रांतीला शेवटचा तास संपेपर्यंत आवाज चिरकायला लागला. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळ्या झाल्या. मार्चमध्ये एका सकाळी 'विद्युतक्षेत्र' म्हणायला तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. दीडशे पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी वळून फळ्यावर लिहायला लागलो, तासभर नुसतं लिहीत राहिलो. लातूरच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी नांदेडची चिठ्ठी दिली.

एक साधी गोष्ट मला तेव्हा कुणी सांगितली नव्हती, ती इथे सांगतो. आवाज तीन आठवड्यांच्या वर बसलेला राहिला तर घसा दुर्बिणीतून बघून घ्यायचा. मी चार महिने घालवले.

ऑपरेशनला मायक्रोलॅरिंगोस्कोपी म्हणतात. पूर्ण भूल देऊन तोंडातून नळी घालतात आणि सूक्ष्मदर्शकातून बघत स्वरतंतूवरची गाठ काढतात. बाहेरून कुठे टाका नाही. सकाळी आत नेलं, दुपारी मी खाटेवर होतो. शुद्धीवर आल्यावर पहिली इच्छा झाली ती "झालं का?" असं विचारायची. सुनीताने लगेच माझ्या तोंडावर हात ठेवला. तो हात तिने पुढचे दहा दिवस काढला नाही म्हटलं तरी चालेल.

लातूरला राहिलो असतो तर मी गप्प बसलो नसतो. आमची खोली क्लासच्याच गल्लीत. दूध आणायला निघालं तरी चार पोरं "सर, एक डाऊट" म्हणून गाठतात. म्हणून सुनीताने ठरवलं, उमरीला जायचं. उमरी माझं गाव. तिथे माझे आई-वडील राहतात. आमच्या गौरीला, माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला, उन्हाळ्याची सुट्टी लागणारच होती.

क्लासच्या संचालकांना कळवायचं होतं. मी तर बोलू शकत नव्हतो. दवाखान्यातून निघताना त्यांचाच फोन आला. सुनीताने तो घेतला, स्पीकर लावला.

"वहिनी, सरांना आराम करू द्या. फक्त एवढं विचारा, जूनच्या बॅचला किती तारखेला येतील? जाहिरातीत फोटो टाकायचाय."

मी बोटांनी खुणा करत होतो. जून, जून. सुनीताने माझ्याकडे पाठ केली.

"ऑगस्टच्या आधी नाही येणार ते."

"वहिनी, मग मला दुसरा माणूस बघावा लागेल."

"बघा," ती म्हणाली. "आमच्याकडं दुसरा माणूस न्हाई."

फोन ठेवल्यावर मी तिच्यावर चिडलो होतो. पण चिडायलाही आवाज लागतो. मी नुसता हातवारे करत उभा राहिलो आणि रिक्षावाला आमच्याकडे बघून हसला.

उमरीचं घर लहान आहे. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, जिनिंगमध्ये कामाला होते. सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांजवळ तीस वर्षं उभं राहून त्यांचे कान गेले. त्यामुळे आमच्या घरात सगळे ओरडूनच बोलतात. ओरडून जेवायला बोलवायचं, ओरडून भाव सांगायचा, ओरडून लाड करायचे. नांदेडच्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी, म्हणजे आवाज कसा वापरायचा ते शिकवणाऱ्या बाईंनी, विचारलं होतं, "लहानपणापासून मोठ्यानं बोलायची सवय आहे का?" तेव्हा मी कागदावर 'हो' एवढंच लिहिलं होतं.

आबांना हे सुनीताने सांगितलं, ओरडूनच. त्यांनी ऐकलं. मग म्हणाले, "म्हंजे माह्या कानापायी तुहा आवाज गेला."

मी जोरात मान हलवली. नाही, नाही. पण मान हलवून असल्या गोष्टीचं उत्तर देता येत नाही. मी गौरीची पाटी ओढून घेतली आणि लिहिलं, 'तंबाखूमुळे आणि माझ्या मस्तीमुळे.'

आबांनी चष्मा लावून ते वाचलं. चौथीपर्यंत शिकलेले, अक्षर अक्षर लावत वाचतात. मग त्यांनी खिशातली स्वतःची तंबाखूची पुडी काढली, माझ्याकडे पाहिलं, आणि ती घेऊन ते बाहेर गेले. तंबाखू सोडली नाही त्यांनी. पण त्या उन्हाळ्यात माझ्यासमोर एकदाही मळली नाही.

मला मात्र ती सोडायची होती. पहिले चार दिवस फार वाईट गेले. जीभ सारखी गालाच्या कोपऱ्यात जायची. डोकं दुखायचं, गौरीने काही सांडलं तर अंगावर धावून जावंसं वाटायचं. माय, म्हणजे माझी आई, दर तासाला माझ्या हातात बडीशेप ठेवायची. "चाव," म्हणायची. "चावून चावून दात पाड, पर ते खाऊ नको." तिने माझ्या कपाळाला भस्म लावलं आणि दारात आलेल्या शेजारणीला सांगितलं, "त्याला बोलवू नगा बाई, त्यो मौनात हाय." दोन दिवसांत गल्लीत बातमी पसरली की मी कसलातरी उपवास धरलाय.

सहाव्या दिवशी आबा आणि मी बाजारात गेलो. आबा चार पावलं पुढे चालले होते. एक टेम्पो उलटा मागे येत होता, ड्रायव्हरचं लक्ष दुसऱ्या बाजूला. आबा सरळ त्याच्या मागे गेले. मी तोंड उघडलं. छातीत हवा भरली. आणि त्या एका क्षणात माझ्या ध्यानात आलं की मी ओरडलो तरी आबांना ऐकू येणार नाही. मी धावलो. दंड धरून त्यांना मागे ओढलं. दोघेही कांद्याच्या पोत्यावर पडलो.

टेम्पोवाला उतरून शिव्या द्यायला लागला. कांदेवाला त्याला शिव्या द्यायला लागला. आबा धोतर झटकत उठले आणि मला म्हणाले, "हाक मारायची न्हाईस का रे?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते हसायला लागले. पोत्याला धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. मलाही हसू आवरेना, पण मोठ्याने हसायलाही बंदी होती, म्हणून मी पोट धरून रस्त्यात खाली बसलो.

त्या दिवसापासून आम्ही दोघांनी पाटी घेतली. इतकी वर्षं मी त्यांना गरजेपुरतं ओरडून सांगायचो, 'जेवा', 'चला', 'गाडी आली'. बाकीचं बोलणं त्यांच्या डोक्यावरून जायचं आणि ते भिंतीकडे बघत बसायचे. आता मी लिहायचो, ते वाचायचे आणि तोंडाने उत्तर द्यायचे. त्यांनी मला विचारलं, मी पोरांना नेमकं काय शिकवतो. मी पाटीवर कप्पीचं चित्र काढलं. ते म्हणाले, "हे तं आमी जिनिंगमंदी गठाणी उचलायला वापरायचो." मग त्यांनीच मला कप्पी शिकवली.

तुकड्याच्या तपासणीला बायोप्सी म्हणतात. त्याचा रिपोर्ट आठव्या दिवशी मिळायचा होता. त्या आठवड्याबद्दल मी कुणाला फारसं सांगत नाही. दिवसभर घरात माणसं होती आणि मी मनातल्या मनात गौरीचं लग्न ठरवत होतो, सुनीताला शिवणाची मशीन घेऊन देत होतो, म्हणजे मी नसताना काय होईल ते बघत होतो.

आठव्या दिवशी आम्ही नांदेडला गेलो. कान-नाक-घशाच्या दवाखान्यातली बाकं विचित्र असतात. अर्ध्या लोकांना ऐकू येत नाही, अर्ध्यांना बोलता येत नाही. कंपाउंडर नाव पुकारून दमतो. माझं नाव त्याने तीनदा पुकारलं. मी उठलो होतो, पण 'आलो' म्हणता येत नव्हतं.

डॉक्टरांनी कागद वाचला. "कॅन्सर नाही."

सुनीताने टेबलाची कड धरली.

"पण नीट ऐका. याला माइल्ड डिसप्लेसिया म्हणतात. म्हणजे तिथल्या पेशी बदलायला लागल्या होत्या. अजून बिघडल्या नव्हत्या, पण त्या वाटेला लागल्या होत्या. तंबाखू आज बंद, उद्या बंद, कायम बंद. दर तीन महिन्यांनी येऊन दाखवायचं."

मी पाटीवर लिहिलं, 'आठ दिवसांपासून बंद.' डॉक्टर म्हणाले, "आठ वर्षांनी पण हीच पाटी दाखवा."

दहा दिवसांनंतर बोलायला परवानगी मिळाली. दिवसातून पाच मिनिटं. मी काय बोलणार याची घरात उत्सुकता होती. मी 'गौरी' म्हणालो. आवाज खोल, अनोळखी निघाला. गौरी म्हणाली, "पप्पा, हा तुमचा नाहीये." आणि आजीच्या मागे गेली.

मग व्यायाम सुरू झाला. ग्लासात अर्धं पाणी घ्यायचं, त्यात स्ट्रॉ बुडवायची आणि स्ट्रॉतून 'ऊ' म्हणत बुडबुडे काढायचे. स्वरतंतूंना जोर न लावता काम करायची सवय यानं लागते. दिवसातून सहा वेळा, प्रत्येक वेळी पाच मिनिटं. ऐकायला अगदी साधं वाटतं. करून बघा. पहिल्या आठवड्यात माझे बुडबुडे तुटायचे, आवाज मधेच गायब व्हायचा. मी घड्याळ लावून बसायचो. पावणेचार झाले की कुणी आलेलं असो, मी ग्लास घेऊन पडवीत. गौरीने स्वतःसाठी दुसरा ग्लास आणला. ती माझ्यापेक्षा लांब 'ऊ' काढायची आणि मला हरवायची. माय म्हणायची, "दोगं मिळून म्हशीवानी काय करून राहिले!" मी एकही पाळी चुकवली नाही. इतक्या नेटाने मी स्वतः शिकतानाही कधी अभ्यास केला नव्हता.

पाच मिनिटांची दहा झाली, दहाची वीस. बाकीचा दिवस गप्प. आणि घरातला एक माणूस गप्प झाला की दुसऱ्यांना जागा होते, हे मला त्या दिवसांत कळलं.

सुनीताचं माहेर औशाकडचं. भूकंपात तिचं घर पडलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तिचा धाकटा भाऊ त्यात गेला. एवढं मला लग्नाआधीपासून माहीत होतं. लाटांचा धडा शिकवताना मी दरवर्षी भूकंपाचं उदाहरण द्यायचो. आधी कोणती लाट येते, नंतर कोणती, टेबल हलवून दाखवायचो. पोरं खूश व्हायची. लग्नानंतर एकदा सुनीता त्याबद्दल काही सांगायला लागली, तर मी तिलाही लाटा समजावल्या होत्या.

एका दुपारी ती पडवीत तूर निवडत होती. मी शेजारी पडलो होतो, माझी पंधरा मिनिटं संपली होती, उरलेली पाच संध्याकाळसाठी राखली होती. ती ताटाकडे बघतच म्हणाली, "तुमी म्हणता आधी हादरा येतो. मला आधी आवाज आला होता. जमिनीखालून ट्रक चालल्यावानी."

मी तिच्याकडे कूस वळवली.

"मग भिंत आली. मला वाटलं गोधडीच अंगावर पडली. माझा भाऊ माझ्या बाजूला होता. तो बोलत होता. 'ताई, तोंडात माती गेली,' म्हणाला. मी त्याला म्हणलं, बोलू नको, गप राहा, अजून माती जाईल. त्यो गप राहिला." तिने दोन खडे वेचून बाजूला टाकले. "मला काढलं तवा दिवस वर आला होता. तो गप होता ते मी सांगितलं म्हणून, हाक मारली असती तर वाचला असता, असं मला लई वर्षं वाटायचं."

माझ्याकडे उत्तर तयार होतं. असं काही नसतं, तुझी चूक नव्हती, दगड-मातीच्या भिंती, वरचं माळवदाचं मातीचं छप्पर, त्याचं वजन, सगळं. बोलायची मुभा असती तर मी ते समजावून सांगितलं असतं आणि ती "हो" म्हणून आत गेली असती. मी उठून बसलो आणि ताटातली तूर निवडायला लागलो. ती बोलत राहिली. भावाचं नाव सांगितलं, तो काय खायचा ते सांगितलं, पत्र्याच्या शेडमधल्या शाळेचं सांगितलं. ताट निवडून झालं तर तिने डब्यातून आणखी तूर ओतली.

संध्याकाळी माझ्या वाट्याची पाच मिनिटं शिल्लक होती. मी तिला एवढंच म्हणालो, "उद्या अजून सांग." तिने सांगितलं. बरेच दिवस सांगितलं.

जूनमध्ये संचालकांचा मेसेज आला. माझ्या बॅचला हैदराबादहून नवीन सर आले होते. सोबत जाहिरात होती. माझ्या जागी त्यांचा फोटो. त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी आबांनी पाटीवर स्वतः लिहून माझ्यासमोर धरली. चौथीतल्या पोरासारखी मोठी, वाकडी अक्षरं: 'ग्लास घे.'

मी ग्लास घेतला.

ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी पुन्हा पडदा वळवला. दोन्ही पट्ट्या सरळ होत्या, पूर्ण मिटत होत्या. डाग नव्हता. "आता शिकवा," ते म्हणाले, "पण माईकवर. दिवसाला दोन तास. प्रत्येक तासानंतर अर्धा तास गप्प. ओरडायचं कधीच नाही."

मी लातूरला गेलो. संचालकांनी मला रिपीटर पोरांची बॅच दिली. पन्नासेक मुलं-मुली, एकदा परीक्षा देऊन मागे राहिलेली. मी माईक हातात घेतला आणि हळू आवाजात बोलायला लागलो. माझा आवाज आता जाडा आहे, वरच्या पट्टीत जात नाही, आणि जाणारही नाही. पंख्यांच्या खडखडाटात मला ऐकायला पोरांना शांत बसावं लागतं. वाक्य संपलं की मला थांबावं लागतं. त्या थांबण्यात पोरं प्रश्न विचारतात. आधी एका तासात दोन प्रश्न यायचे, तेही मी घाईत उडवायचो.

पैसे आणि मान, दोन्ही कमी झाले. ते खोटं कशाला बोलू? पण मी शिकवतो आहे. डॉक्टरांचे आभार आहेत, थेरपिस्ट बाईंचे आहेत. सगळ्यात जास्त सुनीताचे, कारण ती सुट्टी मी घेतली नव्हती, तिने घेतली. तुमच्या घरी असं कुणी तुमच्या वतीने "ऑगस्टच्या आधी नाही" म्हणत असेल, तर माझ्यासारख्या 'जून, जून' अशा खुणा करू नका.

मागच्या आठवड्यात स्टाफरूममध्ये आमचे रसायनशास्त्राचे सर चहा पीत होते. आवाज घोगरा. मी विचारलं, किती दिवस?

"झाला असेल महिना. सीझन संपला की दाखवतो."

मी त्यांच्या हातातला कप काढून घेतला. त्यांचा दुपारचा तास मी घेतो म्हणून ऑफिसात सांगायला निघालो, पण मग ते एकटे जाणार नाहीत हे माझ्या लक्षात आलं. तास रद्द करायला लावला. त्यांना गाडीवर मागे बसवलं. दवाखान्यापर्यंत ते मला वाटेत समजावत होते की हे नुसतं धुळीमुळे आहे, डाळमिलच्या बाजूला राहतो ना, म्हणून. बाकावर बसल्यावरही समजावत होते. मी मधे बोललो नाही. कंपाउंडरने त्यांचं नाव पुकारलं तेव्हा मी उठलो आणि त्यांच्यासोबत आत गेलो.